म्हाताऱ्या उडायला लागल्या की

बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघाले तेव्हा गाडीच्या काचेवर कापसाचा एक पुंजका चिकटला होता. हातात घेतला तर मधे बारीकसं बी. म्हातारी! वर पाहिलं. पार्किंगच्या टोकाला कॉटनवुडची दोन जुनी झाडं आहेत, त्यांच्यावरून म्हाताऱ्या सुटल्या होत्या, शेकड्यांनी, उतरत्या उन्हात तरंगत. इथल्या बहुतेकांना हा नाकातोंडात जाणारा कचरा वाटतो. मी तिथूनच मुलीला मेसेज टाकला: "शनिवारी दुपारी. चार नंबरचा रॉड." तिला पुढचं सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या उडायला लागल्या म्हणजे तळ्यात ब्लूगिल मासे आळ्यांवर आले.

'आळी' हा माझा शब्द. इंग्रजीत त्याला बेड म्हणतात, पण पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा तोंडातून 'आळी' हाच शब्द आला. वेंगुर्ल्याला आमच्या माडांना पाणी धरून ठेवायला बुंध्याभोवती गोल आळी केलेली असतात ना, तशीच ही. गुडघाभर-मांडीभर पाण्यात, वाळूच्या तळावर, परातीएवढे गोल स्वच्छ खळगे, एकाला एक लागून चाळीस-पन्नास. प्रत्येक खळगा एका नराने शेपटीने झाडून काढलेला, आणि प्रत्येकात तो नर उभा.

मी मिशिगनमध्ये 19 वर्षं राहते, त्यातली शेवटची 11 वर्षं फ्लाय रॉड, म्हणजे पिसांचा हलका गळ फेकायची काठी, घेऊन तळ्यांवर जाते. इथे फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्राउट येतो, उत्तरेकडची ऑ सेबल नदी येते. त्या नदीच्या काठीच 1959 मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. ट्राउटला थंड, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. मी त्या माशाच्या वाटेला फारशी जात नाही. माझे मासे कोमट पाण्यातले, घराजवळच्या तळ्यांतले: ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, लार्जमाउथ बास. ब्लूगिलला तर इथे पोरांचा मासा समजतात. गांडूळ आणि बोया घेऊन लहान मुलांनी धक्क्यावरून पकडायचा. मला हे कधीच पटलेलं नाही. चार नंबरच्या, म्हणजे हलक्या, रॉडवर नऊ इंची ब्लूगिल लागला की तो आपलं चपटं अंग आडवं धरून पाण्यात गोल-गोल फिरायला लागतो, आणि त्या ओढीने मनगट भरून येतं. बशीएवढ्या माशात इतका जोर असतो.

मला हे शिकवलं ते आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी. मोटारींच्या कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवण्यात सगळी हयात घालवलेले गृहस्थ. मी त्यांना 'आजोबा' म्हणायचे, आणि अर्थ सांगितल्यावर तेही स्वतःला माझ्यासमोर आजोबा म्हणवून घ्यायला लागले. ऑक्टोबरात ते मागच्या लॉनवर उभे राहून रॉड हलवायचे. लाइनच्या टोकाला गरी, म्हणजे गळ, नाही, फक्त लाल लोकरीचा तुकडा. मी कपडे वाळत घालता घालता बघत बसायचे. एकदा कुंपणाशी जाऊन विचारलं, आणि त्यांनी काही न बोलता रॉड माझ्या हातात दिला.

गरवण्याचं मला लहानपणापासून माहीत होतं. माझे खरे आजोबा खाडीच्या कडेला बसून गरी टाकायचे, गरीला सुंगट (कोळंबी), वर शिशाची गोळी. गोळी जड, ती उडते आणि मागून दोरी ओढत नेते. फ्लायचं गणित उलटं आहे. फ्लाय म्हणजे गरीवर दोऱ्याने गुंडाळलेली चार पिसं. तिला वजनच नाही, ती फेकून जाणार कुठे? वजन सगळं लाइनमध्ये असतं. जाड, प्लास्टिकचा थर दिलेली लाइन आधी मागे उलगडायची, ती हवेत पूर्ण सरळ झाली की मग पुढे आणायची, आणि तिच्या टोकाला फ्लाय आपोआप जाते. मागची लाइन सरळ व्हायच्या आत हात पुढे आला तर चाबकासारखा फट आवाज होतो आणि सगळं पायाशी गोळा होतं. "थांब," आजोबा म्हणायचे. "अजून थांब. आता."

ते थांबणं मला कळायला एक अख्खा हिवाळा लागला. शेवटी कळलं ते काकांच्या पागामुळे, म्हणजे फेकायच्या जाळ्यामुळे. माझे काका पाग टाकायचे तेव्हा एक कडा दातात धरायचे, एक खांद्यावर, आणि अंग वळवून फेकताना एका ठरावीक क्षणी दात सोडायचे. आधी सोडली तर जाळं गुंडाळूनच पडतं, उशीर झाला तर दातांवर बेततं. तो क्षण ते कधी समजावून सांगू शकले नाहीत, पण मी शेकडो वेळा पाहिला होता. एप्रिलच्या एका दुपारी लॉनवर उभी असताना मागे गेलेल्या लाइनीने रॉडला हलकासा हिसका दिला, आणि मला काकांचे दात सुटताना दिसले. हात पुढे आणला. लाल लोकर समोरच्या गवतावर अलगद जाऊन बसली.

वेंगुर्ल्याला पाण्याचं सगळं गणित तिथीवर. आज अष्टमी, म्हणजे भांग, पाण्याला जोर नाही. अमावास्या जवळ आली, उधाण येणार. इथल्या तळ्याला भरती नाही, ओहोटी नाही. पहिली दोन वर्षं मला तळ्याकडे बघून काही म्हणता काही उमगायचं नाही. एवढं पाणी आणि त्याला वेळच नाही! आजोबांनी माझ्या हातात दोरी बांधलेला थर्मामीटर ठेवला. "हेच तुझं पंचांग," असं काही ते म्हणाले नाहीत, त्यांना पंचांग माहीत नव्हतं. पण मी तेव्हापासून त्याला पंचांगच म्हणते. तारीख, तास, किती फुटांवर किती अंश, कोणतं झाड फुललंय, सगळं एका वहीत लिहिते. अकरा वर्षांची वही आहे.

या राज्यात 11 हजारांहून जास्त तळी आहेत. आमच्या दक्षिण भागात त्यांच्यावरचा बर्फ साधारण मार्चमध्ये उतरतो. पाणी सगळ्यात जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. त्यामुळे बर्फ वितळून वरचं पाणी तेवढं तापलं की ते खाली बसतं, वारा सगळं तळं घुसळून काढतो, आणि काही दिवस वरपासून तळापर्यंत एकच तापमान असतं. तेव्हा मासे कुठेही असू शकतात, म्हणजे मला सापडत नाहीत. मग पहिलं ऊब धरतं ते तळ्याच्या उत्तरेकडचं उथळ पाणी. दक्षिणेकडचं ऊन तिथे सरळ पडतं आणि उत्तरेच्या गार वाऱ्याला काठाची आड मिळते. त्यातही तळ काळ्या चिखलाचा असेल तर तो तव्यासारखा तापतो. एप्रिलच्या मध्यात अशा एखाद्या कोनाड्यात मी दुपारी तीनला थर्मामीटर सोडला तर 54 फॅरनहाइट, म्हणजे बारा सेल्सिअस. तळ्याच्या मधोमध त्याच वेळी 46. मासे त्या आठ अंशांसाठी येतात. कोकणात पहाटे उठायची सवय, ती इथे वसंतात सोडावी लागली. एप्रिलमध्ये पहाटे तळं मेल्यासारखं असतं. जेवून, भांडी घासून निघालं तरी चालतं.

त्या दिवसांत मी मोरपिसाची फ्लाय वापरते. मोरपिसाच्या डोळ्याखालच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी जे लांब तंतू असतात त्यातले तीन घ्यायचे, काळ्या दोऱ्याबरोबर पीळ द्यायचा, बारा नंबरच्या गरीवर मागून पुढे गुंडाळायचे, आणि तोंडाशी कोंबडीच्या तपकिरी पिसाचा एकच वेढा. बस्स. कोरडी असताना ती हिरवी दिसते, ओली झाली की तांब्यासारखी, आणि उन्हात वळली की क्षणभर जांभळी. पाण्यातल्या कुठल्या किड्याची ती नक्कल आहे असं मला सांगता येणार नाही, पण माशांना ती जिवंत वाटते. आईने एकदा फोनवर सांगितलं की आपल्या काजूच्या बागेत ढीगभर पिसं पडलेली असतात, पाठवू का. मोरपीस भारताबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून नको म्हटलं. इथे फ्लाय बांधण्याच्या सामानाच्या दुकानात ती गठ्ठ्याने मिळतात. पहिला गठ्ठा आणला तेव्हा मी त्यातलं एक पीस काढून मुलीच्या वहीत ठेवलं होतं. ती तेव्हा सात वर्षांची होती, आणि पिसाला पिल्लं झाली का हे बघायला तिने दोन आठवडे वही उघडली.

फ्लाय टाकायची आणि काहीच करायचं नाही. ती हळूहळू बुडते. लाइन आणि तिच्या पुढचा बारीक दोरा, म्हणजे लीडर, यांची जिथे गाठ आहे तिथे डोळा ठेवायचा. ती गाठ जरा थबकली, बोटभर बाजूला सरकली, की डाव्या हाताने लाइन ओढायची. थंड पाण्यातला मासा हिसका देत नाही. तो फक्त तोंडात घेतो आणि थांबतो. आणि हो, रॉड उचलायचा नाही, लाइन ओढायची. रॉड उचलला आणि मासा चुकला तर फ्लाय पार कोनाड्याबाहेर येते. लाइन ओढून चुकला तर फ्लाय हातभरच सरकते आणि बऱ्याचदा तोच मासा परत घेतो.

मेमध्ये लायलॅक फुलतो तेव्हा बास उथळात यायला लागतात. पाणी साठीत गेलं की लार्जमाउथ नर आळं करतो, ब्लूगिलसारखं मोहोल्ला करून नाही तर एकट्याने, लाकडाच्या ओंडक्याशी किंवा पाणकणसांच्या कडेला. मिशिगनमध्ये बास पकडून लगेच सोडून द्यायला वर्षभर परवानगी आहे, घरी न्यायचा हंगाम मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या, आधीच्या शनिवारी उघडतो. मी आळ्यावरच्या बासवर फ्लाय टाकत नाही. त्याआधीचे दोन आठवडे, जेव्हा ते काठाने फिरत खात असतात, तेवढेच माझे. सात नंबरचा रॉड, वुली बगर नावाची काळी फ्लाय, पाणकणसांना समांतर. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन, कारण मला आज ब्लूगिलबद्दलच बोलायचं आहे, आणि एक गोष्ट सांगायची आहे जी मी आजवर लिहिलेली नाही.

माझा दुसरा वसंत होता. एका छोट्या तळ्यावर, त्याचं नाव मी सांगणार नाही, मला पहिल्यांदा आळी सापडली. जूनचा पहिला आठवडा, पाणी 70 फॅरनहाइट. पिवळा पॉपर टाकला. पॉपर म्हणजे फोमचा छोटा तुकडा, पुढून खोलगट, बाजूंनी रबराचे पाय. तो पाण्यावर पडला की वर्तुळं उठतात. ती विरेपर्यंत थांबायचं. मग एक हलका ओढा, 'टुक्' असा आवाज होईल इतकाच. वर्तुळं विरायच्या आतच मासा वर आला आणि 'चुक्' करून पॉपर आत घेतला, आपण चिंच चोखताना होतो तसा आवाज. पुढच्या फेकीला पुन्हा. पुन्हा. एकही फेक वाया गेली नाही. सगळे मोठे, हाताच्या पंजात न मावणारे, छाती पिकलेल्या आंब्यासारखी नारिंगी, गालफडाची कड निळी, कानाजवळचा ठिपका काजळासारखा. इथे दिवसाला 25 सनफिश, म्हणजे ब्लूगिल आणि त्याची भावंडं, ठेवता येतात. मी 25 मोजले आणि थांबले. नियमात होते. घरी येऊन परातीत मांडून फोटो काढला, वेंगुर्ल्याच्या ग्रुपवर टाकला. मामाने लिहिलं, "शाबास!"

दोन दिवसांनी परत गेले. आळी तशीच होती, गोल, स्वच्छ. त्यांच्यात नर नव्हते. बोटभर लांबीचे मासे, त्याच जातीची पोरं आणि इतर, थव्याने एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जात होती आणि तळातल्या वाळूत तोंड घालून काहीतरी टिपत होती. मला कळलं नाही ते काय करतायत.

संध्याकाळी आजोबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "छाती नारिंगी होती?" हो. "सगळ्यांची?" हो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बापांना घेऊन आलीस." दुसऱ्या दिवशी ते मला दुसऱ्या एका तळ्यावर घेऊन गेले. रॉड गाडीतच ठेवायला लावले. आम्ही एका बुटक्या धक्क्यावर पालथे पडलो, पोलराइज्ड गॉगल लावून, आणि तासभर फक्त पाहिलं.

जे पाहिलं ते असं. नर आळ्याच्या मधोमध, पोट तळाच्या बोटभर वर. छातीजवळचे पर अखंड हलतायत, पुढे-मागे, पुढे-मागे, पंख्याने वारा घालावा तसे. अंड्यांवर गाळ बसू नये, ताजं पाणी फिरत राहावं म्हणून. दर काही सेकंदांनी तो कडेपर्यंत जाऊन शेजाऱ्याला हुसकवतो आणि परत मधे येतो. एक गोगलगाय आळ्याच्या कडेवरून आत यायला निघाली. त्याने ती तोंडात धरली, हातभर लांब नेली आणि टाकून आला. खाल्ली नाही. खाण्यासाठी तो आळं सोडतच नाही. अंडी कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांत फुटतात, तरी पिल्लं पोहायला लागेपर्यंत तो तिथेच. मादी अंडी घालून कधीच निघून गेलेली असते. मग मी आदल्या दिवशीच्या आळ्यांतल्या त्या बोटभर पोरांचा विचार केला, आणि ती वाळूतून काय टिपत होती ते मला कळलं.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली, जी मला आधी कुणी सांगितली असती तर खरी वाटली नसती. एक मादी आळ्यात आली, नराभोवती तिरकी होऊन फिरायला लागली, आणि तेवढ्यात गवतातून एक इवलासा मासा बाणासारखा त्या दोघांच्या मधे घुसला आणि निघून गेला. "तोही नर आहे," आजोबा म्हणाले. ओंटारिओमधल्या लेक ओपिनिकॉनवर यावर खूप अभ्यास झाला आहे, त्यातला एक महत्त्वाचा निबंध 1980 मध्ये आला. तिथले आळं करणारे नर साधारण सात वर्षांचे होतात तेव्हा कुठे पहिलं आळं करतात. हे चोरटे नर दोन वर्षांतच तयार होतात, आळं करत नाहीत, राखण करत नाहीत, दुसऱ्याच्या आळ्यात घुसून आपला वंश ठेवून जातात. जरा मोठे झाले की मादीसारखे दिसतात, मादीसारखे वागतात आणि तसेच आत शिरतात.

म्हणजे मी घरी आणलेला प्रत्येक मासा इतकी वर्षं त्या तळ्यात वाढलेला होता. आणि मोठे नर गेले की नुसतं ते एक वर्ष जात नाही. मोठा नर समोर असतो तोवर लहान नरांना आळ्यात जागा मिळत नाही, म्हणून ते वाट बघतात आणि वाढत राहतात. मोठे गेले की लहानच लवकर आळी करायला लागतात, अंगाची वाढ थांबते, आणि तळं पंजाएवढ्या नाही, बोटभर माशांनी भरून जातं. उजनीची चिलापी ज्यांनी पाहिली आहे त्यांना बारक्या माशांनी भरलेलं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. मिनेसोटा राज्याने आता बऱ्याच तळ्यांवर दिवसाचे पाच किंवा दहाच सनफिश ठेवायचा नियम केला आहे, मोठे ब्लूगिल वाचावेत म्हणूनच. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी अजून 25 आहेत.

त्या छोट्या तळ्यावर मी पुढची तीन वर्षं गेले. वहीत लिहिलेलं आहे: सहा इंच, साडेपाच, सहा, पाच. सगळा दोष माझ्या त्या एका दुपारचा होता की आणखी कुणीकुणी तेच केलं होतं, हे तळं मला सांगणार नाही. पण ते लहान तळं होतं, आणि पंचवीस ही लहान संख्या नाही.

माझी आजी जूनमध्ये चढणीच्या माशांची वाट बघायची. पहिल्या पावसात ओहोळांतून, शेतांतून मासे उलट वर चढतात, अंडी घालायला. गावातले लोक रात्री बत्ती घेऊन जायचे, आणि सकाळी घरी गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले मासे. मी ते खूप आवडीने खाल्लं आहे आणि आजीला मी आज नावं ठेवणार नाही. पण आजीच एक गोष्ट करायची जी मला मिशिगनच्या धक्क्यावर पालथं पडल्यावर आठवली. आमच्या परसातल्या व्हाळात चढण लागली की ती आम्हाला तिथे हात घालू द्यायची नाही. "ते आपल्याकडे इलेत," म्हणायची. आपल्याकडे आलेत. तेव्हा मला वाटायचं की व्हाळ खोल आहे म्हणून.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. आळ्यांवरचे मोठे नर पकडलेच तर गरीच्या टोकाला उलटा काटा नसतो, तो मी पकडीने आधीच दाबून टाकते. हात ओला करायचा, डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवून पाठीचे काटे बसवायचे, नाहीतर ते हातात घुसतात, आणि पाण्याबाहेर न काढताच गरी सोडवायची. दोन-तीन झाले की त्या जागेवरून निघायचं. खाण्यासाठीचे मासे आळ्यांच्या बाहेरच्या खोल पाण्यात, सहा ते सात इंची, आठ-दहाच. आणि ते कोणत्या तळ्यातले हे महत्त्वाचं. घराजवळचं केन्सिंग्टन मेट्रोपार्कमधलं केंट लेक मला फार प्रिय आहे, जवळजवळ 1,200 एकरांचं, काठाने सँडहिल क्रेन आपल्या तांबूस पिल्लांना घेऊन चालत असतात. पण 2018 मध्ये हुरॉन नदीत आणि त्या तळ्यात पीफास ही सहज न विरणारी घातक रसायनं सापडली आणि तिथले मासे खाऊ नका असा राज्य सरकारचा इशारा आला. तेव्हापासून केंट लेकवरचा प्रत्येक मासा मी परत सोडला आहे. कढईसाठी मी दुसरीकडे जाते, आणि आधी राज्याच्या आरोग्य खात्याची माशांची यादी बघते. इथे नव्याने आलेल्या मराठी मित्रमंडळींना मी हे आवर्जून सांगते, कारण पाणी अगदी नितळ दिसतं.

काल शनिवारी आम्ही दोघी गेलो. आजोबा आता नाहीत. त्यांचा थर्मामीटर माझ्याकडे आहे. चार वाजता, अडीच फुटांवर, 71. म्हाताऱ्या पाण्यावर इतक्या पडल्या होत्या की काठाकाठाने दुलईची शिवण उसवल्यासारखं दिसत होतं. मुलगी कनूत, म्हणजे आमच्या छोट्या होडीत, पुढे बसली होती. तिने पॉपर टाकला, वर्तुळं विरू दिली, थांबली. माझ्यापेक्षा ती जास्त थांबते. 'चुक्.'

मोठा होता. गोल-गोल फिरत त्याने कनू तिरकी केली. तिने हात ओला केला, पाण्यातच धरला, आणि आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. नारिंगी छाती, आणि शेपटीची खालची कड झिजून पांढरी पडलेली, झाडून झाडून. तिने गरी सोडवली. तो सरळ गेला, उजवीकडून तिसऱ्या आळ्यात. तेवढ्या वेळात तिथे चार बारके घुसले होते. त्याने एकाला धरून जवळजवळ पाण्याबाहेर उडवलं, बाकीचे पळाले. मग तो मधोमध आला आणि त्याचे पर हलायला लागले. आम्ही नांगर उचलला आणि खोल पाण्याकडे गेलो.

आठ मासे घरी आणले. मीठ, हळद, मिरची, कोकमाचं आगळ, वर रवा. आईला व्हिडिओ कॉल लावून तवा दाखवला. तिने पहिलं विचारलं ते, "गाबोळी असा?" नाही म्हटलं. मोठा मासा सोडल्याचं नातीने सांगितल्यावर ती म्हणाली, "पकडलंस आणि सोडलंस? मगे कित्याक पकडलंस?" मग नातीने तिला आळ्याचा, त्या बारक्यांचा, पळवून लावण्याचा सगळा प्रकार हातवारे करून सांगितला. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, एकदा बघायला हवीत ही तुमची आळी.

मी म्हटलं, पुढच्या मेमध्ये ये.

"मे म्हयन्यात? आंबे टाकून?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतात, असं मी तिला सांगितलं आहे.